कठडा कुणी खाल्ला?

१

थोरले मालक अंगणातल्या फरशीवर पडले होते, आणि त्यांच्या मुठीत कठड्याचा एक तुकडा अजून तसाच होता. मी तो सोडवून घ्यायला गेलो तर माझ्या चिमटीत त्याचा भुगा झाला.

जुनं फर्निचर रंधा मारून, जोडून, पॉलिश करून पुन्हा नव्यासारखं करणारा तो कारखाना. खाली अंगण, अंगणाभोवती कामाच्या खोल्या, वर मालकांचं घर आणि घरापुढे लाकडी सज्जा. रोज सकाळी थोरले मालक चहाचा कप घेऊन त्या सज्ज्यात यायचे, कठड्यावर रेलायचे आणि तिथूनच खालच्या माणसांना कामं सांगायचे. त्या सकाळीही तसेच रेलले. कठडा काडीसारखा मोडला.

मी पोचलो तेव्हा कारागिरांनी मिस्त्रीला कोपऱ्यात घेरलं होतं. काही वर्षांपूर्वी तो कठडा त्यानेच बसवला होता.

“कुजकं लाकूड लावलंस!” कुणीतरी ओरडत होतं. “ज्यांचं खाल्लंस त्यांच्यावरच उठलास?”

 मिस्त्री तुटलेल्या कठड्याकडे टक लावून बघत होता. थोरल्यांची बायको, जिला सगळा कारखाना वहिनी म्हणायचा, जिन्याच्या पायरीवर बसली होती. तिच्याशेजारी तिचा दीर, धाकटे मालक, पाण्याचा पेला हातात धरून उभे होते. पेला तिला द्यायचं त्यांना भान नव्हतं.

मी मिस्त्रीला पोलिसांच्या गाडीत घातलं. निष्काळजीपणाने मृत्यू, असं कलम मनात धरलं होतं खरं. पण त्याला तिथे ठेवलं असतं तर लोकांनी त्याचे हातपाय मोडले असते, हेही खरं. तुटलेले तुकडे मी लाकूड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवून दिले. कागद पुरा करायचा, एवढाच माझा हेतू.

दोन दिवसांनी फोन आला.

“साहेब, लाकूड कुजलंय, पण कुजवणारं कुणी सापडत नाही,” पलीकडून एक बाई म्हणाल्या. “मी स्वतः येते. तोवर त्या सज्ज्याला कुणाला हात लावू देऊ नका.”

२

आमच्या खात्यात त्यांना सगळे लाकूडताई म्हणतात. जळकी दारं, तुटक्या शिड्या, फुटक्या होड्या, काहीही त्यांच्याकडे गेलं की तोंड उघडतं, अशी ख्याती. पन्नाशीच्या, किरकोळ बांध्याच्या, आणि समोरच्याला वर्गात बसवल्यासारखं बोलायची सवय. त्या आल्या त्या थेट सज्ज्यात गेल्या आणि गुडघ्यांवर बसल्या.

“कुजलेल्या लाकडाला वास येतो. ओलसर, तळघरासारखा,” त्या म्हणाल्या. “इथे येतोय?”

मी वाकून हुंगलं. वास नव्हता.

“सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसायला हवेत. मी कितीतरी काप घेऊन पाहिले. एक धागा नाही. वाळवीची वाट नाही, किड्याचं भोक नाही. आणि तरी बघा.”

त्यांनी तुटलेल्या टोकाला नख लावलं. लाकूड तपकिरी पडलं होतं, आडव्याउभ्या भेगांनी त्याचे चौकोनी तुकडे झाले होते. नखाखाली ते बिस्किटासारखं फुटलं.

“ताई, मला शाळेत विज्ञानात काठावर पास केलं होतं,” मी म्हणालो. “जरा माझ्या पातळीवर सांगा.”

त्या हसल्या. “झाड काय खातं? हवा आणि पाणी. उन्हाच्या जोरावर त्यांची साखर करतं. मग साखरेचे हजारो कण एकापुढे एक जोडून लांबच लांब साखळी करतं. ते सेल्युलोज. त्या साखळ्यांच्या पेडांभोवती लिग्निन नावाचा कडक पदार्थ भरतं. स्लॅब टाकताना आत सळ्या असतात आणि भोवती सिमेंट, तसंच. सळ्या गेल्या की स्लॅब दिसतो तसाच, पण वजन घेत नाही.”

“आणि इथे सळ्या गेल्यात.”

“सळ्याच गेल्यात. सिमेंट तसंच आहे, म्हणून रंग तपकिरी. असं काम करणाऱ्या बुरशा असतात. पण इथे बुरशी नाही.” त्यांनी कठड्याच्या आडव्या दांड्याखाली हात घातला. “पाणी कुठे जास्त वेळ राहतं? खालच्या अंगाला, थेंब लोंबकळतात तिथे. बुरशी आधी तिथे लागते. आणि खालचं अंग ठणठणीत आहे! खराब झालंय ते वरचं आणि घराकडचं अंग. त्यातही सगळ्यात जास्त बोल्टांच्या भोवती.”

मग त्यांनी मला बाजूच्या खिडकीची चौकट दाखवली. ऊन लागून लागून ती राखाडी झाली होती. कठड्याचा जो भाग शिल्लक होता तो मात्र वरून फिकट, स्वच्छ, गोरापान.

“एवढी वर्षं उघड्यावर राहिलेलं लाकूड असं राहत नाही, साहेब,” लाकूडताई हात झटकत उठल्या. “हे बुरशीचं काम नाही. हे माणसाच्या हाताचं आहे.”

३

कोठडीत मिस्त्री भिंतीला टेकून बसला होता. आत आणला तेव्हा तो मान ताठ ठेवून म्हणाला होता, “साहेब, माझं लाकूड असं मोडत नाही.” आता त्याचा आवाज खाली आला होता.

“रात्रंदिवस तेच आठवतोय,” तो म्हणाला. “लाकूड मी स्वतः निवडलं होतं. पण निवडताना नजर चुकली असेल. माणूस आहे. मीच चुकलो असेन, साहेब. लिहून टाका तसं.”

“अजून लिहू नका,” लाकूडताई म्हणाल्या. “बोल्ट कसले लावले होते?”

“साधे लोखंडी. चांगले मिळाले नाहीत तेव्हा. बदलायचे राहून गेले. त्यांच्याभोवती काळे डाग पडायचे म्हणून मालक मला टोमणे मारायचे.”

“मग डाग कुणी काढले?”

“काय माहीत. मधेच कधीतरी कठडा परत गोरा दिसायला लागला. मला वाटलं, पॉलिशच्या पोरांनी काहीतरी लावलं असेल.”

पॉलिशच्या खोलीत तीन कारागीर होते. तिथल्या फळीवर दोन गोष्टी लाकूडताईंनी लगेच हेरल्या. एक पांढऱ्या खड्यांच्या पावडरचा डबा, दुसरा पेरॉक्साइडचा कॅन.

“पावडर डागांसाठी,” त्यांतला वयाने मोठा कारागीर म्हणाला. “लोखंडाचा काळा डाग पडला की ती पाण्यात कालवून पुसायची. आणि ते कॅनमधलं लाकूड उजळ करायला.”

“दोन्ही एकत्र वापरता?”

“छे! धाकटे मालक जीव घेतील. ते रसायनशास्त्र शिकलेत ना. इथे होते तेव्हा एकच घोकायचे, पेरॉक्साइड लोखंडाच्या बादलीत ओतायचं नाही, गंजाजवळ न्यायचं नाही. एकदा एकाने ओतलं तर अख्खी बादली उचलून बाहेर फेकली होती त्यांनी.”

“इथे होते तेव्हा, म्हणजे? आता नाहीत?”

कारागिरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कळलं ते असं. मागे एका मोठ्या घरचं कपाट पॉलिश करताना डागाळलं. चूक कुणाची ते कधी ठरलं नाही, पण थोरल्यांनी अंगणात सगळ्यांसमोर धाकट्या भावाची खरडपट्टी काढली. “तुझं पुस्तकी ज्ञान तुझ्यापाशी ठेव,” म्हणाले. “या कारखान्यात लाकडाबद्दल पुन्हा तोंड उघडायचं नाहीस.” आणि त्यांना पॅकिंगला बसवलं. तेव्हापासून सख्खे भाऊ कामापुरतंही धड बोलत नव्हते.

पॅकिंगची खोली अंगणाच्या दुसऱ्या बाजूला होती. आम्ही तिच्या दारात उभे राहिलो. समोर, नजरेच्या रेषेत, मोडका सज्जा.

धाकटे मालक आत खोक्याला दोरी बांधत होते. आम्हाला पाहून त्यांनी दोरी खाली ठेवली.

“मी तुमची वाटच पाहत होतो,” ते म्हणाले. “मिस्त्रीला सोडा. दादाला मी मारलं.”

४

चौकीत बसून त्यांनी जबाब दिला. एकदाही अडखळले नाहीत. अपमानाचा राग होता, म्हणाले. बोल्टांजवळ आम्ल ओतलं, दादा रोज तिथेच रेलतो हे माहीत होतं. मी लिहून घेतलं. हेतू होता, ज्ञान होतं, संधी होती. तपास करणाऱ्याला आणखी काय लागतं? मिस्त्रीची बायको बाहेर बाकावर बसून होती. तिला आत बोलावून ‘घेऊन जा त्याला’ म्हणायचं, एवढंच राहिलं होतं.



“कधी ओतलंत?” लाकूडताईंनी विचारलं.

“आदल्या रात्री.”

“एकदाच?”

“हो.”

“मग तुम्ही रसायनशास्त्र नीट शिकला नाहीत, किंवा फार छान शिकलात आणि खोटं बोलताय.” त्यांनी पिशवीतून लाकडाचा एक आडवा काप काढून टेबलावर ठेवला. “हे बघा. वर भुगा. त्याच्या आत ठिसूळ. त्याच्या आत थोडं मऊ. आणि मग चांगलं लाकूड. एका रात्रीच्या आम्लाने असे थर होत नाहीत. हे लाकूड पुन्हा पुन्हा भिजलंय, वाळलंय, परत भिजलंय. महिनोन् महिने. कदाचित वर्षं.”

“मी महिनोन् महिने ओतत होतो.”

“आत्ता म्हणालात एकदाच.”

ते खिडकीकडे बघायला लागले.

“आणि दुसरं,” लाकूडताई हळू आवाजात म्हणाल्या. “तुमचे दादा एकाच जागी रेलायचे. मारायचं असतं तर तुम्ही तेवढाच भाग पोखरला असता. इथे अख्खा कठडा पुसलेला आहे. खांबांच्या खाचा, कोपरे, जिथे कुणाचा हात कधी लागत नाही तेही. मन लावून, प्रेमाने पुसलेला आहे. खून करणारा माणूस कोपरे पुसत नाही.”

धाकट्या मालकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“ताई, पाया पडतो,” ते म्हणाले. “इथेच थांबा. माझं नाव लागू दे. पुढे जाऊ नका.”

मला त्या क्षणी खरंच थांबावंसं वाटलं. जबाब समोर होता, सही तेवढी बाकी होती. पण मला आता दिसायला लागलं होतं की हा माणूस कुणाला पाठीशी घालतोय.

५

वर मालकांच्या घरात वहिनीचा स्वयंपाकघरातला एप्रन दाराच्या खिळ्याला टांगलेला होता. गडद निळा. पोटावर आणि खालच्या कडेला पांढुरके डाग उडालेले, रंग पार गेलेला. लाकूडताईंनी तो मला फक्त नजरेने दाखवला.  आम्ही तसेच खाली उतरलो आणि पुन्हा चौकीत आलो.

“बुरशीची गंमत सांगते,” धाकट्या मालकांसमोर बसत त्या म्हणाल्या. गंमत हा शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा मात्र उतरलेला होता. “तुम्हाला माहीत आहे, साहेबांना नाही. बुरशीच्या पाचक रसांचे कण आकाराने मोठे, घट्ट लाकडात शिरत नाहीत. म्हणून काही बुरशा युक्ती करतात. आधी ऑक्झॅलिक आम्ल सोडतात. ते लोखंड विरघळवून लाकडात आत नेतं. त्याच्या मागून पेरॉक्साइड. लोखंड आणि पेरॉक्साइड भेटले की एक जालीम पदार्थ तयार होतो. क्षणभरच टिकतो, पण तेवढ्यात समोर येईल ती साखळी तोडतो.”

“आणि ती पांढरी पावडर?” मी विचारलं.

“ऑक्झॅलिक आम्ल. नुसती पावडर डाग काढते, धुऊन टाकली की फारसं बिघडत नाही. नुसतं पेरॉक्साइड लाकूड उजळवतं. पण लोखंडी बोल्टाभोवती आधी पावडर, मग पेरॉक्साइड, आणि न धुता तसंच सोडून दिलं, तर बुरशी जे करते तेच माणूस करत असतो. बुरशीशिवाय.”

 मग धाकट्या मालकांनी बोलायला सुरुवात केली, आणि या वेळी ते अडखळत होते.

“पावडर मीच दिली होती वहिनीला. दादा डागांवरून मिस्त्रीला बोलायचा, तिला ते आवडायचं नाही. म्हणाली, ‘भाऊजी, काहीतरी द्या की.’ दिली. त्यात वाईट काही नव्हतं. पण बोल्ट लोखंडाचेच, डाग परत यायचे. मग एक दिवस पॅकिंगच्या दारातून बघितलं, तर ती पॉलिशच्या खोलीतला कॅन घेऊन कठडा पुसत होती. तिने कारागिरांना लाकूड उजळवताना पाहिलं होतं.”

“तेव्हा तुम्हाला कळलं?”

“तेव्हाच कळलं. तोंड उघडलं होतं मी. आणि दादा सज्ज्यात आला. कठड्यावर हात ठेवून म्हणाला, ‘बघ, कसं चमकतंय! शिकलेल्या लोकांनी शिकावं हिच्याकडून.’ मला ऐकू जाईल असं म्हणाला.” ते थांबले. “मी तोंड मिटलं. म्हटलं, लाकडाबद्दल बोलायला बंदी आहे ना मला? मग राहू दे. खराब होऊ दे कठडा, मग येईल विचारायला. एवढंच होतं मनात, साहेब. कठडा खराब व्हावा. दादा नाही.”

“नंतर सांगायचं होतं.”

“नंतर राग गेला. पण मग भीती वाटायला लागली. आता सांगितलं तर विचारतील, इतके दिवस का नाही सांगितलंस? उद्या सांगू, परवा सांगू. एकदा तर ठरवलं होतं की गुपचूप बोल्टच बदलून टाकू. रोज सकाळी तो तिथे रेलायचा आणि मी मान खाली घालून दोऱ्या बांधायचो.”

“आणि वहिनीला?”

“तिला यातलं काही माहीत नाही. कळू देऊ नका. माझा भाऊ तिच्या हातून गेला, हे घेऊन ती कशी जगेल? मी खुनी म्हणून जगेन, मला चालेल.”

दारात हालचाल झाली. दिराला पोलिसांनी नेलं हे ऐकून वहिनी चौकीत आली होती. ती कधीपासून तिथे उभी होती, आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं.

६

ती रडली नाही. आत येऊन खुर्चीवर बसली.

“कॅनमधल्या पाण्याने झालं का?” तिने लाकूडताईंना विचारलं.

मी मध्ये पडायला गेलो. काहीतरी गोलमोल सांगावं, बोल्ट गंजले होते म्हणावं. पण लाकूडताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“हो,” त्या म्हणाल्या. “ते, पावडर आणि लोखंड. तिन्ही मिळून. एकेकटं असतं तर एवढं झालं नसतं.”

“धुतलं असतं तर?”

“कमी झालं असतं.”

“धुतलं की डाग लवकर वर येतात, असं वाटायचं मला.” तिने टेबलावरचा लाकडाचा काप उचलला, त्याच्या भुग्याच्या बाजूवरून बोट फिरवलं. “हे रोज सकाळी हात फिरवून बघायचे. म्हणायचे, ‘किती मऊ झालंय गं लाकूड. नवं सुद्धा हाताला एवढं मऊ लागत नाही.’ मला किती बरं वाटायचं.”

लाकूडताईंनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या.

मग वहिनी दिराकडे वळली. “भाऊजी, तुम्ही एक शब्द बोलला असता तर?”

 

खोटा जबाब मी फाडून टाकला. वकिलांना विचारलं, तर ते म्हणाले, अजाणतेपणी कठडा पुसणं हा गुन्हा नाही, आणि गप्प बसणं कुठल्या कलमात बसवणार? ‘अपघात’ असा शेरा मारून मी कागद वर पाठवले. वरच्यांनी काही विचारलं नाही. माझ्या कारकिर्दीत इतकं पक्कं उकललेलं प्रकरण दुसरं नसेल, आणि कुणी त्याबद्दल शाबासकी दिली असती तर मी ती घेतली नसती.

मिस्त्रीला सोडताना मी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याने मध्येच थांबवून विचारलं, “म्हणजे लाकूड चांगलं होतं?”

“चांगलं होतं.”

“आणि मी म्हणत होतो, माझंच चुकलं.” तो बाकावर बायकोशेजारी बसला. “लोकांचं सोडा, साहेब. मीच माझ्यावर विश्वास ठेवला नाही.” कारखान्यातून त्याला परत बोलावणं गेलं, ज्यांनी घेरलं होतं तेच माफी मागायला गेले. तो त्यांच्याशी नीट वागला, पण पुन्हा त्या अंगणात त्याने पाऊल टाकलं नाही.

कारखाना बंद पडेल असं मला वाटलं होतं. पडला नाही. वहिनीने तो हातात घेतला. दिराला तिने घालवलं नाही, उलट पॅकिंगमधून उठवून पॉलिशच्या खोलीत परत बसवलं. लोक म्हणाले, मोठ्या मनाची बाई. असेलही.

मध्यंतरी एका टेबलाच्या निमित्ताने मी सकाळी तिकडे गेलो होतो. कारागीर कामाला लागत होते. वहिनी खोल्याखोल्यांतून फिरत कामं सांगत होती. पॉलिशच्या खोलीच्या दारात ती थांबली. धाकटे मालक हातातलं काम टाकून उभे राहिले. रोजचाच शिरस्ता असावा, कारण एकाही कारागिराने मान वर केली नाही.

“भाऊजी,” तिने शांतपणे विचारलं, “काही सांगायचं राहिलंय का?”

“नाही, वहिनी.”

ती पुढच्या खोलीकडे गेली. ते जरा वेळ तसेच उभे राहिले, मग पुन्हा पॉलिशच्या फडक्याकडे वळले.